दुसरं अंथरूण

सकाळी क्लासच्या वेळेला लातूरच्या रस्त्यावर उभं राहिलं की पोरांशिवाय दुसरं काही दिसत नाही. पाठीवर सॅक, एका सायकलवर दोघं-दोघं, डोळे तारवटलेले, ओठ पुटपुटताहेत. मेसवाले, रूमवाले, झेरॉक्सवाले, चष्म्याची दुकानं, अख्खं गाव त्या पोरांवर जगतं. आणि या गावात मला माझ्या सिनेमासाठी सतरा-अठरा वर्षांची एक पोरगी मिळत नव्हती. जिनिंगमध्ये राहून समईच्या वातीला कापूस मिळू नये, तसली गत.

पोरींना वेळ नव्हता आणि त्यांच्या आईबापांना त्याहून नव्हता. एका आईनं दार अर्धंच उघडून विचारलं, याचे मार्क मिळतात का. नाही म्हटल्यावर तिनं मलाच समजावून सांगितलं की कलेचे मार्क दहावीला धरतात, बारावीनंतर कलेचा काही उपयोग नसतो. एका सज्जन गृहस्थांनी मला बसवून चहा पाजला आणि परीक्षा झाल्यावर या म्हणाले. कुठली परीक्षा, असं मी विचारलं तर म्हणाले, आधी ही, मग निकाल, मग ॲडमिशन, मग कॉलेजची परीक्षा. एका क्लासच्या मालकानं मात्र उदारपणे अख्खी बॅच देऊ केली. पोरं बाकावर बसून लिहीत राहतील, तुम्ही शूटिंग करा, फक्त मागचा बोर्ड पूर्ण दिसला पाहिजे.

मी निर्माता आहे. नांदेडात असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आदरानं बघतात, मग माझ्या चपलांकडे बघतात, आणि मग विषय बदलतात. सिनेमाचा निर्माता म्हणजे बंगला, गाडी, गळ्यात साखळी. माझ्यासारखे जे निर्माते दुसऱ्यांची कामं पार पाडून देतात, त्यांना लोकांनी पाहिलेलं नसतं. आमच्या सासऱ्यांनी तर मरेपर्यंत माझी ओळख 'जावई कॅसेटवाले आहेत' अशीच करून दिली. कॅसेट जाऊन जमाना झाला तरी त्यात फरक पडला नाही. त्यांचंही काय चुकलं? आमचं काम दिसतच नाही. गाडी वेळेवर आली, चहा गरम निघाला, पाऊस आला तेव्हा ताडपत्री होती, परवानगीचा कागद खिशात होता, तर असा एक माणूस इथे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. यातलं एक जरी चुकलं तर सगळे माझ्या नावानं खडे फोडतात.

भूकंप झाला तेव्हा नांदेडात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. नांदेड, लातूर, पार निलंग्यापर्यंतची लग्नं मी करायचो. औसा-निलंग्याकडच्या गावांचे रस्ते मला पाठ होते, कारण वऱ्हाडाच्या टेम्पोत बसून मी ते सगळे झिजवले होते. मुंबईहून टीव्हीवाल्यांचं एक पथक आलं, त्यांना रस्ते माहीत असलेला, इथली बोली कळणारा आणि बॅटऱ्या चार्ज करून बाळगणारा माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि मी त्यांच्या जीपमध्ये बसलो.

जे पाहिलं ते मी इथे सांगणार नाही. मातीची माळवदं बसली होती आणि माणसं त्यांच्याखाली होती, एवढं पुरे. त्या पथकाच्या साहेबांनी मला सांगितलं की नीट बोलणारी एखादी बाई बघा. मी एकीला घेऊन आलो. ती खाली मातीत बसून सांगू लागली, घरात कोण कुठं झोपलं होतं, कोण सापडलं, कोण नाही. तिचं सांगून संपत आलं तेवढ्यात वरून हेलिकॉप्टर गेलं. साहेब म्हणाले, आवाज खराब झाला, पुन्हा सांगायला सांगा. मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पहिल्यापासून सांगू का?"

मी हो म्हटलं. तिनं पहिल्यापासून सांगितलं, त्याच क्रमानं, एकही माणूस न गाळता.

त्या साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तसे ते वाईट नव्हते, त्यांना आवाज नीट हवा होता, आणि माझ्या धंद्यात मीही नंतर शेकडो लोकांना पुन्हा करा, पुन्हा बोला म्हणत आलो. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. या लोकांवर एक सिनेमा करायचा आणि त्यात कुणीही कुणाला काय झालं ते सांगणार नाही. माणसं जेवतील, भांडतील, बाजाराला जातील, आणि बघणाऱ्याला आपोआप कळेल. हे माझं एकच मागणं होतं आयुष्याकडे. बाकी सगळं दुसऱ्यांचं करायला मी तयार होतो.

आणि केलंही. त्या आठवड्यातल्या कामावर खूश होऊन त्या पथकानं मला मुंबईला बोलावून घेतलं. भूकंपानं माझं करिअर घडवलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण खरं ते खरं. मुंबईत मी मालिकांची निर्मिती सांभाळली. कागदावर गाव मराठवाड्यातलं असायचं. चित्रीकरण मुंबईबाहेरच्या सेटवर, आणि माणसं बोलायची ती भाषा महाराष्ट्रातल्या कुठल्याच एस.टी. स्टँडवर ऐकू येणार नाही. मी एकदा म्हणालो की आमच्याकडे 'करतोय' म्हणत नाहीत, 'करून राहिलो' म्हणतात. चॅनलच्या बाई म्हणाल्या की मग प्रेक्षकांना ते विदर्भातलं वाटेल. मराठवाडा कसा वाटेल मग, असं विचारलं तर म्हणाल्या, मराठवाडा म्हणजे दुष्काळ दाखवा ना. माझा सिनेमा मी तिथे जवळपास प्रत्येकाला ऐकवला. भूकंपाचा सिनेमा आणि त्यात भूकंप नाही, हे ऐकून लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे.

आई थकली तेव्हा नांदेडला परत आलो. तोवर लातुरात क्लासचं पीक आलेलं होतं आणि नांदेडातही पेरणी सुरू झाली होती. क्लासवाल्यांना जाहिराती हव्या होत्या. मी त्या करायला लागलो, दुसरं होतं काय? दरवर्षी निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोराला पेढा भरवताना शूट करायचं. एके वर्षी तोच पोरगा मी दोन वेगवेगळ्या क्लासच्या जाहिरातीत शूट केला. फक्त शर्ट बदलला. त्याच्या तोंडात पेढा आता जात नव्हता, पण दोन्ही सर म्हणत होते की यश आमच्या मार्गदर्शनाचं.

या जाहिरातींच्या निमित्तानं लातुरात एका मेसमध्ये जेवायला जायला लागलो आणि तिथे मला माझा सिनेमा मिळाला. मेस चालवणारी बाई भूकंपातून वाचलेली. तेव्हा ती परकरी पोर होती. पुढे लग्न होऊन लातूरला आली, नवरा लवकर गेला, आणि क्लासची पोरं वाढली तशी तिची चूल मोठी झाली. स्लॅबचं चांगलं घर होतं तिचं, पण ती घरात झोपायची नाही. बारा महिने अंगणात. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत, तीही दाराच्या बाजूला. जेवायला येणाऱ्या पोरांना वाटायचं, मावशी रात्री सायकली राखतात. तिनं कधी कुणाला खरं सांगितलं नाही आणि पोरांनी कधी विचारलं नाही, त्यांना टेस्ट असायची. तिचं गाव कुठलं ते कळलं तेव्हा मला बाकीचं सांगावं लागलं नाही.

मी सिनेमा लिहिला तो असा. एक मेसवाली बाई, तिच्याकडे खोली घेऊन राहिलेली एक पोरगी. पोरगी दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली, रिपीटर. तिला झोप लागत नाही. बाई अंगणात का झोपते हे तिला माहीत नाही, पोरीला झोप का लागत नाही हे बाईला कळत नाही. शेवटच्या सीनमध्ये दिवेलागणीला पोरगी आपलं अंथरूण उचलून अंगणात येते आणि बाईच्या शेजारी टाकून आडवी होते. बस. सगळा सिनेमा त्या दुसऱ्या अंथरुणासाठी होता. कुणी काही सांगत नाही, पण एकीला दुसरी कळते. मेसवाल्या मावशींनी शूटिंगला अंगण दिलं, त्यांची भूमिका करायला नांदेडच्या रंगभूमीवर काम केलेल्या एक शिक्षिका मिळाल्या. पोरगी तेवढी मिळेना.

ती शेवटी मिळाली एस.टी.त. नांदेडहून लातूरला येणाऱ्या गाडीत अहमदपूरला गर्दी झाली म्हणून मी पुढे सरकलो, तर कंडक्टरच्या सीटशेजारी एक पोरगी मैत्रिणीला आपल्या क्लासच्या सरांची नक्कल करून दाखवत होती. सर फळ्याकडे तोंड करून कसे बोलतात, मधेच मागे वळून कुणाला पकडतात. चेहऱ्याची एक रेघही फार हलवत नव्हती, पण तो सर दिसत होता. कंडक्टर तिच्यावर डाफरला, पुस्तक काढ म्हणून. तो तिचा बाप होता.

माणूस नायगावचा. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी जयभीम घातला, खुर्ची पुसून दिली आणि माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. पोरगी पहिल्या वर्षी थोड्या मार्कांनी हुकली होती, हे दुसरं वर्ष. लातूरला मायलेकी एका खोलीत राहायच्या, मोठा पोरगा गावाकडे, आणि हे गाडीवर असले की जाता-येता पीठ, तेल, भाजी पोचवायचे. डॉक्टरकी हे त्या घरात स्वप्न वगैरे नव्हतं, ते काम होतं आणि चौघं मिळून ते करत होते. मला वाटलं, हे काही हो म्हणायचे नाहीत. पण आई मधे बोलली. म्हणाली, वर्षभरात पोरगी एकदा हसलेली मी बघितली नाही, चार दिवस करू दे तिला मनासारखं. बापानं अट घातली की जे काय ते दिवाळीच्या सुट्टीत करा, क्लास सुरू झाला की पोरगी माझी. मी मान्य केलं. क्लासला सुट्टी, शिक्षिकाबाईंना सुट्टी, सगळं जुळत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्यासाठी कामाचं वेळापत्रक आखत होतो आणि ते आखताना मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

पोरगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिला काही शिकवावंच लागलं नाही. मी लिहिलं होतं, 'मला झोप येत नाही.' ती म्हणाली, "झोपच लागून नाही राहिली, मावशी," आणि तेही भाकरी मोडता मोडता, सहज, जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणावं. शिक्षिकाबाई जुन्या खेळाडू, पण त्या पोरीबरोबर त्यांनाही सांभाळून खेळावं लागत होतं. दोन शॉटच्या मधे ती कोपऱ्यात जाऊन जीवशास्त्राचं पुस्तक उघडायची. आणि ती हसायची. तिची आई पडवीत बसून तिच्याकडेच बघत राहायची.

शेवटचा सीन शेवटच्या दिवशी ठेवला होता. अंगणात पश्चिमेचा उजेड कसा उतरतो ते मी आदल्या महिन्यापासून बघून ठेवलं होतं. कॅमेरा भाड्याचा, तो दुसऱ्या दिवशी मुंबईला परत जाणार होता. दुपारी जेवणं झाली आणि फाटकात पोरीचे वडील दिसले. खाकी ड्रेसमध्येच होते, गाडी स्टँडवर लावून आले असावेत. मला वाटलं शूटिंग बघायला आले. मी खुर्ची मागवली. ते बसले नाहीत.

क्लासचा निरोप सकाळी सगळ्या पालकांच्या मोबाइलवर आला होता. दिवाळीची विशेष रिव्हिजन बॅच आजपासून. चार वाजता टेस्ट, त्या टेस्टच्या मार्कांवर बॅच ठरणार, गैरहजर राहणाऱ्यांना शेवटच्या बॅचला टाकणार. शेवटची बॅच म्हणजे काय ते लातुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे चांगले सर जात नाहीत.

मी घड्याळ बघितलं. टेस्ट सुटेपर्यंत अंगणात अंधार. मी त्यांना विनवलं. आजचा एक दिवस द्या, मी स्वतः क्लासच्या मालकाशी बोलतो, ते माझ्या ओळखीचे आहेत. ओळखीचे कसले, त्यांच्या जाहिराती मीच करायचो. तिथल्या तिथे फोन लावला. मालक मोठ्यानं हसले आणि म्हणाले, सर, तुम्हीच तर लिहून दिलंय.

खरंच होतं ते. त्या उन्हाळ्यात त्यांच्या जाहिरातीसाठी मीच माझ्या ऑफिसात बसून ओळ लिहिली होती, 'स्वप्नांना सुट्टी नसते.' ती होर्डिंगवर लागली, टीव्हीवर दिसली, पालकांना फार आवडली. जाहिरातीतलं बोलणं कुणी खरं करतं का? साबणाच्या जाहिरातीतली बाई धबधब्याखाली उभी राहते, म्हणून काही कुणी धबधब्यावर आंघोळीला जात नाही. पण या माणसाला ओळ आवडली, पालकांनी विचारलं की मग सुट्टी का देता, आणि त्यानं दिवाळी रद्द करून टाकली. लातूरला क्लास आणि दिवाळी यांत दिवाळी टिकेल असं समजून मी वेळापत्रक आखलं, मी, ज्याचं सगळं पोट या क्लासवर चाललं होतं. माझी इतकी चिडचिड झाली की मी फोन बाजेवर आपटला.

पोरीच्या वडिलांनी माझं आपटणं-आदळणं होऊ दिलं. मग म्हणाले, "सर, तुमचा पिक्चर वर्षभरानं आला तर काय बिघडंल? हिचं एक वर्ष आधीच गेलंय. माझ्या बापानं दुसऱ्याची गुरं राखली. मी तिकिटं फाडून राहिलो. आता पायरी हिची हाय. ती चुकली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

माझ्याकडे उजेड होता, कॅमेरा होता, आयुष्यभर धरून ठेवलेला एक सीन होता. त्यांच्याकडे तीन पिढ्या होत्या. मला ते पटत होतं आणि तरी त्या माणसाचा इतका राग येत होता की मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. सिनेमातले कानातले काढून पोरीनं शिक्षिकाबाईंच्या हातात दिले, सॅक उचलली आणि बापाच्या मागे गेली. आई भांडी तशीच टाकून त्यांच्यामागे धावली. त्या संध्याकाळी अंगणात उजेड फार सुरेख उतरला, मी सगळ्यांना चहा पाजला आणि सामान बांधायला लावलं.

परीक्षा झाल्यावर सीन घेऊ, असं पोरीच्या वडिलांनी मला सांगितलं होतं. मी थांबलो. परीक्षा झाली, आता निकालापर्यंत थांबा म्हणाले, पोरगी पुन्हा हुकली, या खेपेला आणखी कमी मार्कांनी. वडील म्हणाले, इतक्या जवळ येऊन सोडायचं कसं, एक चान्स अजून. मी पुन्हा थांबलो. सिनेमा डब्यात पडून. लोक विचारायचे, पिक्चर कधी येणार, आणि मी सांगायचो, एक सीन राहिलाय. हे उत्तर मी इतक्यांदा दिलं की नांदेडातल्या माझ्या मित्रांनी त्याचा खेळ केला. कुणाचं बांधकाम अडलं, कुणाचं लग्न जमेना, की म्हणायचे, त्याचा एक सीन राहिलाय. मीही त्यांच्याबरोबर हसायचो, घरी आल्यावर बायकोवर चिडायचो.

मग शिक्षिकाबाईंची बदली भोकरला झाली, आणि मेसवाल्या मावशींनी एक दिवस फोन करून सांगितलं की घर पाडून चार मजली हॉस्टेल बांधतेय, अंगण काढणार, काय शूटिंग करायचं ते पटकन करून घ्या. ज्या बाईनं भूकंपानंतर स्लॅबखाली पाठ टेकली नाही, ती पोरांसाठी स्लॅबवर स्लॅब चढवत होती. तुम्ही कुठं झोपणार, असं मी विचारलं. म्हणाल्या, सगळ्यात वर, गच्चीवर, तिथं वर काही नसतंय.

मी पोरीच्या वडिलांना शेवटचा फोन केला. पोरगी तिसऱ्यांदा बसत होती, परीक्षा तोंडावर आली होती. त्यांनी नाही म्हटलं, तेही मऊ आवाजात. म्हणून मग आम्ही पोरीशिवाय शेवट केला. शिक्षिकाबाईंनी भोकरहून येऊन अंगणात आपलं अंथरूण टाकलं, शेजारी दुसरं टाकलं, त्याच्यावरची उशी थोपटली आणि आडव्या झाल्या. दुसरं अंथरूण रिकामं. तडजोड होती ती, माझ्या धंद्यातल्या हजार तडजोडींपैकी एक. संकलन करताना मी तो भाग बघायचोच नाही, उठून बाहेर जायचो.

आणि सिनेमा गाजला. म्हणजे तसलं गाजणं जे दोन-चार महोत्सवांत होतं. आणि गाजला तो त्या शेवटासाठी. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. एका विद्वानांनी लिहिलं की ते रिकामं अंथरूण म्हणजे भूकंपात गमावलेल्यांची अनुपस्थिती आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं की तो शिक्षणव्यवस्थेनं गिळलेल्या पिढीचा मूक शोकलेख आहे. पुण्यात एका बाईंनी स्टेजवर मला विचारलं की पोरगी न दाखवण्याचा धाडसी निर्णय तुम्ही कसा घेतला. मी म्हणालो, पोरगी नव्हती. सभागृह हसलं, त्यांना तो माझा विनय वाटला. मी पुन्हा सांगितलं, अहो खरंच नव्हती, तिची परीक्षा होती. लोक आणखी हसले. मला मिळालेलं स्मृतिचिन्ह मी गाडीत मागच्या सीटवर फेकलं. मला ओरडून सांगायचं होतं की तुम्हाला जे आवडतंय ते माझं नाही. माझा सिनेमा असा होता की दोघी शेजारी झोपतात. ज्या एका क्षणासाठी मी परक्यांच्या गाड्या, परक्यांचा चहा, परक्यांच्या ताडपत्र्या सांभाळत म्हातारा झालो, तो क्षण कुणी पाहिलेलाच नाही. आणि त्याच्या नसण्याला टाळ्या.

नांदेडला खेळ ठेवला तेव्हा मी पोरीच्या वडिलांना निरोप पाठवला. पोरगी आपला सिनेमा पहिल्यांदाच बघणार होती. मायलेकी आणि ते, तिघं आले. आता ते निवृत्त झाले होते, पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत ताठ बसले. सिनेमाभर मी पडद्याकडे बघितलं नाही, त्यांच्या डोक्यांकडे बघत होतो. पोरगी पडद्यावर आली की आई हात तोंडावर न्यायची. खेळ संपला, दिवे लागले, लोक मला भेटून बाहेर जायला लागले. हे तिघं शेवटपर्यंत थांबले.

वडील जवळ आले. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले की पोरीनं लई चांगलं काम केलंय, एवढं मला माहीत नव्हतं. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, "पण सर, शेवट न्हाई झाला. त्या बाईनं दोन अंथरुणं टाकली, एक रिकामंच राहिलं. पोरगी गेली कुठं? लोकांला कसं कळंल?"

इतक्या विद्वानांत मला हे विचारणारा पहिला माणूस तो होता. मला हसावं की त्यांची गचांडी धरावी कळेना. तुम्हीच नेली तिला, असं ओठांवर आलं होतं. आलं ते गिळलं. म्हणालो, तो सीन घ्यायचा राहून गेला.

"मंग घ्या की आता," ते म्हणाले. "आता ती मोकळीच हाय."

मी पोरीकडे पाहिलं. तिसऱ्या खेपेचंही काही झालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर सगळ्यांनीच सोडून दिलं. गावी असते, घरी असते, स्थळं बघणं चालू आहे, असं आईनं निरोपात सांगितलं होतं. अंगानं भरली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. बसमध्ये नक्कल करणारी ती पोरगी या चेहऱ्यात शोधली असती तरी सापडली नसती. ती इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता पुढे आली.

"सर, मला तो सीन पाठ हाय अजून," ती म्हणाली.

त्या सीनमध्ये तिला एकच वाक्य होतं. अंथरूण घेऊन ती येते, बाई डोळे मिटून पडलेली असते, आणि ती म्हणते. नांदेडच्या त्या हॉलमध्ये, झाडूवाला खुर्च्यांच्या रांगेतून कागदाचे कप वेचत असताना, तिनं दोन्ही हात अंथरूण धरल्यासारखे पुढे केले, खाली बघितलं आणि म्हणाली,

"मावशी, जरा सरका ना."

बरोबर म्हणाली. मी लिहिलं होतं त्याहून बरोबर. आई रडायला लागली. वडील माझ्याकडे मोठ्या आशेनं बघत होते. म्हणाले, बघा, जीवशास्त्राचं सगळं विसरली, हे तेवढं पाठ हाय. कधी घेऊन येऊ सांगा.

अंगणाच्या जागेवर हॉस्टेल उभं होतं. शिक्षिकाबाई मुलाकडे परगावी राहायला गेल्या होत्या. सिनेमा झाला होता, गाजला होता, संपला होता. मी म्हटलं, कळवतो. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ काय ते मुंबईत शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण ही माणसं नायगावची. पोरीनं माझ्याकडून पेन मागून घेतला आणि प्रवेशिकेच्या मागे, सुवाच्य अक्षरात, स्वतःचा नंबर लिहून दिला.